झाकणाखालची काळी मासोळी

सात पत्रांना उत्तर आलं नाही. आठव्याला आलं, तेही दोन ओळींचं: गुरुवारी सकाळी येते, झऱ्यापर्यंत नेणारं कुणीतरी हवं. खाली सही डॉ. उर्शा ओगुलिन, राजधानीतल्या प्राणिशास्त्र संस्थेतल्या. पत्र माझ्यासाठीच आहे ना, म्हणून मी पाकिटावरचं नाव पुन्हा एकदा पाहून घेतलं.

झरा गावाच्या खालच्या अंगाला आहे. डोंगर संपून कुरण सुरू होतं तिथे खडकात एक आडवी फट आहे आणि तिच्यातून बाराही महिने पाणी येतं. जूनच्या शेवटच्या सोमवारी त्या फटीत सिमेंटचा पाइप बसणार होता आणि वर नव्या रस्त्याचा भराव पडणार होता. ग्रामसमितीने ठरावात एवढीच सवलत ठेवली होती, की आत काळी मासोळी राहते असं संस्थेने लिहून दिलं तर पाइप चाळीस मीटर खाली सरकवू.

तिला आम्ही मासोळी म्हणतो, पण ती मासा नाही. वीतभर लांब, चार इवले पाय, मानेशी तांबड्या कल्ल्यांचे झुबके. डोंगराच्या पोटातल्या काळोख्या पाण्यात राहते, वर्षानुवर्षं काही न खाता जगते आणि माणसाइतकी म्हातारी होते. इतर गुहांमध्ये ती गोरी आणि आंधळी असते. काळी, बारीक डोळ्यांची, फक्त आमच्या बाजूच्या मोजक्या झऱ्यांत सापडते. आमच्या झऱ्यात ती आहे, असं कुठल्याच कागदावर नव्हतं. तीस वर्षांत मी तिला तीनदा पाहिलं होतं. निदान मला तसं वाटत होतं. मी आयुष्यभर ग्रंथपाल होतो. प्राणी पाहिले ते पुस्तकांत. पाण्यात हलणारी काळी वस्तू मासोळी होती की कुजलेलं मूळ, हे मी शपथेवर सांगू शकलो नसतो.

डॉ. ओगुलिन गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून आल्या. मी त्यांना झऱ्यापाशी नेलं आणि वाटेत दोनदा सांगितलं, की मी चुकतही असेन.

"तुमच्या डोळ्यांवर काही अवलंबून नाही," त्या म्हणाल्या. "पाण्यात प्राणी असला की त्याच्या कातडीचे कण पाण्यात सुटतात. ते गाळून नेले की झालं. प्राणी दिसायलाच हवा असं नाही."

मला फार हलकं वाटलं.

त्यांनी झऱ्याच्या पाण्याच्या सहा बाटल्या भरल्या. मग म्हणाल्या, "आता असं पाणी दाखवा, ज्यात ती नक्की नसेल. तुलनेसाठी. तिथेही तिचे कण निघाले, तर आमचंच सामान खराब होतं असं धरायचं आणि सगळी तपासणी बाद करायची."

"नळाचं चालेल?"

"त्यात औषध असतं. पावसाचं साठवलेलं हवं."

मी क्षणभरही विचार केला नाही. माझ्या शेजारणीच्या, रेझकाच्या अंगणात दगडी टाकं आहे. छपराचं पाणी पन्हाळीतून त्यात उतरतं, वर लोखंडी झाकण. यापेक्षा निर्धास्त पाणी गावात नव्हतं.

रेझका उंबऱ्यावर शेंगा सोलत बसली होती. ऐकून तिचे हात थांबले.

"माझंच कशाला? पलीकडच्या गल्लीत काय पाणी नाही?"

"तुझं सगळ्यात स्वच्छ आहे, रेझका."

"स्वच्छ तर आहेच," ती म्हणाली. पण डॉ. ओगुलिन झाकणाकडे वाकल्या तशी ती लगबगीने उठली. "बाई, तुम्ही सरका. जड आहे ते." तिने झाकण हातभर सरकवलं, स्वतःच बादली सोडली, वर घेतली आणि झाकण लगेच बंद केलं. माणूस म्हातारपणी आपल्या वस्तूंना जपतो, असं मला वाटलं.

निकाल कामाच्या आदल्या शुक्रवारी फोनवर आला.

"झऱ्यात खूण मिळाली," डॉ. ओगुलिन म्हणाल्या. "भरपूर."

मी खुर्चीत बसलो.

"पण टाक्याच्या पाण्यातही मिळाली, झऱ्यापेक्षा जास्त. म्हणजे आमच्याकडून कुठेतरी घाण झाली. माझ्या हाताने असं कधी झालं नव्हतं. अहवालात मला 'काहीही सांगता येत नाही' असंच लिहावं लागेल. सप्टेंबरमध्ये परत येऊ शकते."

"सोमवारी पाइप बसणार आहे."

"मला माहीत आहे. वाईट वाटतं."

फोन ठेवल्यावर मी तसाच बसून राहिलो. त्या हुशार बाई स्वतःला दोष देत होत्या, मी माझ्या नशिबाला देत होतो, आणि मग मला झाकणावरचा रेझकाचा हात आठवला. इतका वेळ लागला. याला बुद्धी म्हणत असतील तर ती माझ्याकडे फारशी नाही.

रेझका भट्टीतून पोगाचा, आमच्याकडचा जाड पाव, काढत होती. मी दारातच विचारलं, "टाक्यात काय आहे?"

"पाणी."

"रेझका."

तिने गरम पोगाच्यावर फडकं टाकलं, हात पुसले आणि अंगणात गेली. या वेळी तिने झाकण पूर्ण बाजूला केलं. ऊन तिरपं तळापर्यंत गेलं. दगडावर ती पडली होती, ओल्या कोळशासारखी काळी, झुबके मंद हलत होते. उजेड लागताच ती सावकाश वळली आणि कडेच्या सावलीत शिरली. मूळ नव्हतं ते. मी किती वेळ वाकून राहिलो, मला सांगता येणार नाही.

"मार्चच्या पुरात झऱ्यातून कुरणात वाहून आली होती," रेझका म्हणाली. "कावळा टपला होता. उचलली आणि इथे सोडली. माझी आई तेच करायची, आजी तेच. मासोळी असली की पाणी नासत नाही."

"मार्चपासून? मी दोन वर्षं हिच्यासाठी पत्रं लिहितोय. तुला माहीत होतं."

"माहीत होतं. म्हणूनच बोलले नाही. हिला हात लावला तरी दंड आहे म्हणतात. आणि तू तर रोज सरकारला कागद लिहिणारा माणूस."

"मला सांगायचं होतंस."

"तू विचारायचं होतंस. शंभर पावलांवर राहतोस, 'रेझका, कुठे मासोळी पाहिलीस का', असं कधी विचारलंस मला? राजधानीत विचारत बसलास."

मला राग आला होता, पण तो कुणावर काढावा हे कळेना. मी तिथूनच डॉ. ओगुलिनना फोन लावला. त्या आधी हसल्या, बहुधा त्यांच्या हातांची चूक नव्हती म्हणून. मग म्हणाल्या, "ज्यांनी उचलली त्यांनी कुठून, कधी ते लिहून सही करून द्यावं. तेवढं मिळालं तर अहवाल आजच बदलते. तुमचं चालणार नाही, तुम्ही उचलताना पाहिलेलं नाही."

रेझका मान हलवत होती. "तोंडाने हजारदा सांगेन. सही नाही."

"मी उचलली असं लिहितो," मी फोनवर हात धरून तिला म्हणालो.

"तू? पुरात? तुझं कुणी खरं मानेल का?"

ते खरंच होतं.

रविवारी चर्चनंतर अग्निशमन दलाच्या सभागृहात समितीची बैठक होती. मी आयुष्यात सभेत बोललो नव्हतो. अध्यक्ष विन्को मालेशिच, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, यंत्रांच्या दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याने संस्थेचं पत्र वाचलं. "काहीही सांगता येत नाही. झालं. आल्बिनकाका, तुम्ही खूप धडपडलात, पण आता पुरे."

मी उभा राहिलो. कुणाचं नाव न घेता सांगितलं, की तुलनेचं पाणी ज्या टाक्यातून घेतलं तिथे झऱ्यातलीच मासोळी आहे, म्हणून तपासणी बाद झाली.

"म्हणजे टाक्यात मजेत आहे?" विन्को म्हणाला.

"आहे."

"मग अडचण काय? राहू दे तिथेच. बिनभाड्याचं घर मिळालंय." मागच्या बाकांवर हशा पिकला.

मी खाली बसणार होतो. गुडघे वाकलेही होते. पण रेझकाचं 'तू विचारायचं होतंस' डोक्यात दोन दिवस ठुसठुसत होतं.

"मला एकच विचारायचंय," मी म्हणालो. आवाज फार लहान निघाला, पुन्हा म्हणावं लागलं. "आणखी कुणाकुणाच्या टाक्यात आहे?"

हसणं थांबलं. लोक खिडकीकडे, बुटांकडे, टोप्यांकडे पाहू लागले. मला वाटलं, आता कुणीतरी मला घरी जायला सांगेल.

"माझ्या," रेझका म्हणाली आणि हात वर केला.

मग मधमाश्या पाळणाऱ्या म्हाताऱ्या स्तारिहाने केला. मग बेकरीवालीने. मग दोघा भावांनी एकदम, एकाच टाक्यासाठी, आणि एकमेकांकडे रागाने पाहिलं. अशी सात घरं झाली. सगळ्यांची एकाच झऱ्यातली, कुणाची पाच वर्षांपूर्वीच्या पुरातली, कुणाची बापाने आणलेली. मी तीस वर्षं खडकाच्या फटीत डोकावत होतो आणि मासोळ्या सगळा वेळ गावात होत्या, माझ्या चारी बाजूंना, झाकणांखाली. प्रत्येकाने माझ्यापासून लपवल्या, कारण मी लिहिणारा माणूस.

विन्को टेबलावर पेन्सिल आपटत होता.

"आणि तुझ्याकडे रे?" बेकरीवालीने विचारलं. "तुझा बाप बादली घेऊन कुरणात धावायचा, मी पाहिलंय."

विन्कोने पेन्सिल ठेवली आणि हात वर केला, खांद्याच्याही वर नाही, पण केला.

"झरा बंद केला," स्तारिहा म्हणाला, "तर आमच्या टाक्यांतल्या मेल्यावर दुसऱ्या कुठून येणार?"

यावर कुणी वाद घातला नाही. पोरांच्या शाळेचा, रस्त्याचा विषय असता तर तासभर भांडले असते.

"यान्या, लिही," विन्को शेवटी चिटणीस मुलीला म्हणाला. "पाइप चाळीस मीटर खाली. तांत्रिक कारणाने."

"मासोळीचं काय लिहू?"

"कुठली मासोळी?"

मी म्हणालो, "विन्को, इतिवृत्तात एक ओळ तरी हवी. हे कुठेच लिहिलेलं नाही. सात घरांत आहेत—"

"आठ," कुणीतरी म्हणालं.

"काका," विन्को सावकाश म्हणाला, "या सगळ्यांनी हात वर केले ते तुमच्यासमोर, दंडाच्या कागदासमोर नाही. झरा हवा की ओळ?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी रेझकाकडे पाहिलं. ती रुमालाच्या कडा सरळ करत होती. मी म्हणालो, झरा. अर्थात झराच.

यान्याने दोन वाक्यं लिहिली आणि साक्षीदार म्हणून खाली सही माझी घेतली, कारण माझं अक्षर चांगलं आहे असं विन्को म्हणाला. कागदावर दिनांक होता, पाइपचा व्यास होता, अंतर होतं. मी ते दोनदा वाचलं आणि सही केली.