आठवण नसलेला बोर्ड

मी गोट्यांचा बोर्ड बोलतोय. खोटं कशाला सांगू, माझा जन्मच फसवाफसवीसाठी झाला.

सोलापूरच्या गुरुबसप्पांनी खोक्याच्या फळ्या जोडून, वर खिळे ठोकून मला घडवलं. दांडा ओढून सोडला की गोटी वर उडायची आणि खिळ्यांना धडकत खालच्या एखाद्या घरात पडायची. मधल्या घराला बक्षीस पितळी तांब्या. दर संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत माझ्याभोवती ही गर्दी! गोटी डावीकडे निघाली की माणसं उजवीकडे कलायची, जणू गोटी त्यांचं ऐकणार होती. तांब्या कुणालाच मिळाला नाही. सगळे नशिबाला बोल लावत घरी गेले.

गुरुबसप्पांची लेक महानंदा तेवढी कलत नसे. सातवीतली, चारचौघांत तोंड न उघडणारी पोर. मागे बसून ती वहीत गोटीच्या वाटा काढायची. शहात्तर सालच्या जत्रेत तिनं एक गोटी मधल्या घरावरच्या दोन खिळ्यांत धरली. गोटी अडकली.

"अप्पा, गोटी हितनं जातच न्हाय."

"जाऊ न्हाय म्हणूनच ठोकलंय की."

"मग ह्यो खेळ कसला?"

जत्रा उठल्यावर तिनं खिळे उपटून नव्यानं ठोकले. आता मधलं घर अवघड होतं, पण खरं होतं. तिथं तिनं बॅटरीचा बल्ब बसवला. गोटी पडली की लागायचा, उचलली की विझायचा. किती गोट्या पडल्या ते मात्र मला सांगता येईना.

जूनमध्ये आठवीचा फॉर्म आला. गृहशास्त्र की टेक्निकल? आई सुंदरम्मा म्हणाली, "पोरींना गृहशास्त्रच असतंय. सही करा आन् मोकळे व्हा."

गुरुबसप्पांनी पेन उचललं, खाली ठेवलं आणि माझ्यासमोर बसले. इतक्या वर्षांत ते माझ्यावर कधी खेळले नव्हते. बऱ्याच गोट्यांनंतर बल्ब लागला. मग पुन्हा लागला.

"किती झाल्या गं माझ्या?"

"बोर्डाला इचारा."

"त्याच्या ध्यानात कुटं ऱ्हातंय?"

"तेच शिकायचंय मला, अप्पा. टेक्निकलला."

त्यांनी सही केली. पण शाळेत मोठ्या बाई सरोजिनीबाईंनी फॉर्म परत दिला. "टेक्निकलला एकही मुलगी नाही."

दुसऱ्या दिवशी महानंदानं मला उचलून बाईंच्या टेबलावर ठेवलं.

"बाई, एक पण नसली तर मी पहिली."

"वर्कशॉपमध्ये सगळी मुलं. एकटी बसशील?"

"बसेन."

बाईंनी फॉर्मसाठी हात पुढे केला.

आज मी वर्कशॉपच्या बाकावर उपडा पडलोय. पाठ उघडी, आत तारांचा गुंता. मोजणी अजून जमलेली नाही. दारात मुलं खिदळतायत, "काय गं, पोळपाट दुरुस्त करतीस व्हय?" महानंदा मान वर करत नाही, तार सोलत राहते.

म्हणून मीच बोलतो. हसा, पोरांनो. पण मी मोजायला लागलो की इथं मुकाट्यानं रांग लावायची. आणि पहिली गोटी तिची.