मोजेवाला व्याही

मुलाचं, टिकेशचं लग्न पक्कं करायला सौंदडला जायचं, आणि नेमक्या आदल्या दिवशी सेवकरामच्या तळहातांवर, पायांवर लाल फोड उठले. तिरोड्याच्या डॉक्टरनं हात पाहिले, तोंडात टॉर्च मारला अन् विचारलं, "घरी लहान पोरगं आहे का?"

"नात आहे, रिंकी. तिलेबी असेच फोड आले होते."

"तिचं उष्टं खाल्लं?"

रिंकी आपलं चोखलेलं बिस्किट आल्यागेल्याच्या तोंडात कोंबायची. कोणी नको म्हटलं की भोकाड पसरायची. मग सेवकरामची बायको तुलसा म्हणायची, "खा न जी, लेकराचं मन मोडू नये."

"लहान पोरांचा व्हायरस आहे काका. मोठ्यांना क्वचित होतो. आठवड्यात उतरेल."

घरी तुलसा पोट धरून हसली. "अंगणवाडीत नाव टाकू का तुमचं?"

"हास तू! सौंदडवाले व्हायरस म्हनतीन का? खरूज म्हनतीन. खरजुल्या सासऱ्याच्या घरी कोन पोरगी देते? मोठ्या मुश्किलीनं हे स्थळ जमलं. अन् तिथं तर पोरीचा बाप परातीत व्याह्याचे पाय धुते. झाकू कसे?"

म्हणून सेवकराम भर मे महिन्यात टिकेशचे लोकरीचे मोजे चढवून तुलसा, टिकेश अन् रिंकीसोबत सौंदडला पोचला. हात खिशात.

दारात मुलीचा बाप इंद्रकुमार उभा होता. त्यानं दोन्ही हात दुपट्ट्यात गुंडाळलेले. शेजारी सोयरीक जुळवणारा बकाराम मामा, रीतीभातीचा भारी कडक. परात आली, हळदीचं पाणी आलं.

"राहू द्या," सेवकराम म्हणाला. "पाय घरूनच धुऊन आलो."

"बरं मंग," इंद्रकुमार लगेच म्हणाला.

"बरं कसं?" बकाराम खेकसला. "पाय धुतल्याबिगर सोयरीक होते का? काढा मोजे!"

इंद्रकुमार जागचा हलेना. सेवकराम सुटला होता खरं तर. पण त्याच्या डोक्यात किडा वळवळला. एवढा मुलाचा बाप दारात उभा, अन् हा माणूस साधा आग्रह करत नाही?

"काऊन जी, आमचे पाय जड होऊन राहिले का तुमच्या हाताले?"

"मी म्हनलो होतो का, मोजे घालून या म्हनून?"

"असं? मग जातो आम्ही! टिकेश, गाडी काढ!"

"आबा!" टिकेश रडकुंडीला आला. दाराआडून नवरी मुलगी रुचीनंही कपाळावर हात मारला.

"जायच्या आधी रीत तर पुरी करा!" बकाराम ओरडला.

"घ्या रीत!" सेवकरामनं रागाच्या भरात दोन्ही मोजे उपटले अन् पाय परातीत आदळले. पाणी बकारामच्या डोळ्यांत उडालं. तो डोळे चोळत बसला.

इंद्रकुमार वाकला. फोडांकडे पाहत राहिला. मग त्यानं हळूच दुपट्टा सोडला. त्याच्या तळहातांवर तेच फोड.

"मागच्या हप्त्यात घर पाहाले आलो होतो न," तो कुजबुजला. "तुमच्या रिंकीनं बिस्किट चारलं. नाई म्हनलो असतो तर सोयरीक मोडली असती."

सेवकरामनं खिशातले हात काढून दाखवले. मग इंद्रकुमारनं अशा प्रेमानं पाय धुतले, की तुलसाचे डोळे भरून आले.

"हं! झालं एकदाचं," बकाराम डोळे पुसत म्हणाला. "पन भांडन कायचं होतं जी?"

कोणी उत्तर देण्याआधी रिंकी दुडुदुडु आली. अर्धी चोखलेली जिलबी तिनं बकारामच्या ओठांशी नेली.

"नको गं, उष्टं आहे," बकाराम मागे सरला.

दोन्ही व्याह्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"खा न मामा," दोघंही एका सुरात म्हणाले. "लेकराचं मन मोडू नये."