एकोणीस शिंपले

१९८४ साली प्रतिमा खानोलकर फ्रीमाँटजवळच्या एका कॉलेजात शिंपले धुवायला जाऊ लागली. काम बिनपगारी. नवरा, त्र्यंबक, सकाळीच ऑफिसला निघायचा, मुलगी दीपा शाळेत जायची, आणि घरात बसून प्रतिमाला कंटाळा आला होता. खाडीकाठच्या एका टेकाडात खणताना दोन हजार वर्षांपूर्वीचे शिंपले निघाले होते. ते मऊ ब्रशने साफ करून ट्रेमध्ये मांडायचे.

एका ट्रेमध्ये एकोणीस शिंपले होते, प्रत्येकाला मधोमध भोक. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'दागिने'.

प्रतिमाने त्यातला एक उचलला आणि ती थबकलीच. वेंगुर्ल्याला दर उन्हाळ्यात ती असेच शिंपले दगडावर घासायची. फुगीर भाग झिजून भोक पडलं, की त्याच्या धारेने कैऱ्या सोलायची.

ती प्रोफेसर हेलनकडे गेली. "मॅडम, हे गळ्यातलं नाही. यानं साल काढतात."

"दोऱ्यानंही कड झिजते, प्रतिमा."

"दोरा वरची कड झिजवेल. इथे बाजूची झिजलीय."

हेलनने भिंगातून बराच वेळ पाहिलं. "सिद्ध करून दाखव," ती म्हणाली.

शनिवारी प्रतिमा बाजारातून ताज्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, घेऊन आली आणि गराजच्या काँक्रीटवर शिंपले घासत बसली.

"अगं, घरात पीलर आहे ना!" त्र्यंबक म्हणाला.

"तो दोन हजार वर्षं टिकणार आहे का?"

कैऱ्या मिळेनात. मग तिने महिनाभर बटाटे, गाजरं, ओल्या फांद्या सोलल्या. एक शिंपला दोऱ्यात ओवून दीपाच्या गळ्यात घातला. दीपाने तो कुरकुरत का होईना, पण रोज घातला.

मग जुने-नवे सगळे शिंपले मायक्रोस्कोपखाली गेले. तेरा जुने शिंपले दीपाच्या शिंपल्यासारखे झिजले होते. ते दागिनेच होते. सहांची झीज मात्र प्रतिमाच्या शिंपल्यांशी हुबेहूब जुळली. हेलनने नवी चिठ्ठी स्वतः लिहिली: 'सोलायची हत्यारं. ओळख: प्रतिमा खानोलकर.'

वसंतात एका परिषदेत हेलनने तिलाच बोलायला उभं केलं. इंग्रजी अडखळत होतं, हात अडखळत नव्हते.

"तुम्ही हे कुठल्या युनिव्हर्सिटीत शिकलात?" एकाने विचारलं.

"वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर. आईकडून."

टाळ्या पडल्या. "मॉम, दे लव्ह यू!" दीपा पहिल्या रांगेतून ओरडली. त्र्यंबक तर उभाच राहिला होता.

नंतर एक वयस्क बाई पुढे आल्या. त्या ओलोनी, म्हणजे त्या खाडीकाठच्या मूळ रहिवाशांच्या जमातीतल्या होत्या. ते टेकाड त्यांच्या पूर्वजांचं. "आमच्या बायकांनी केलेली हत्यारं आहेत ही," त्या म्हणाल्या. "मी करून बघू?"

प्रतिमाने आपण घडवलेला शिंपला आणि एक सफरचंद त्यांच्या हातात दिलं, अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवलं. पहिल्यांदा धार घसरली. दुसऱ्यांदा सालीची लांब पट्टी सुटून आली. बाईंनी ती उंच धरली आणि मान ताठ करून सगळ्या प्रोफेसरांना दाखवली.