ओळ यायच्या आधी

माझा नवरा ओळ यायच्या आधी हसला, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

सिनेमा होता दोन भावांचा. त्यांचं शवपेट्या बनवायचं दुकान असतं आणि गावात कुणी मरायचं नावच घेत नाही. शेवटी वैतागून धाकटा एका आजारी म्हाताऱ्याच्या घरी माप घ्यायला जातो. म्हातारा अंथरुणावरून त्याच्याकडे बघतो, तोंड उघडतो, आणि इथे हा खदखदून हसला. पडद्यावर खाली सबटायटल आलेलं नव्हतं. भाषा आम्हा दोघांनाही ओ की ठो कळत नव्हती. ओळ आली, मी वाचली, ती खरंच भन्नाट होती, पण मी हसले नाही. मी ह्याच्याकडे बघत बसले.

इथे आमच्या घरचा कायदा सांगायला हवा. जगातल्या उत्तम शंभर चित्रपटांची एक यादी आहे, आमच्या लग्नाच्या आधी एका मासिकात आलेली. ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. मुलगी शिकायला लांब गेली, घर सुनंसुनं झालं, तेव्हा आम्ही ठरवलं की आता यादी पुरी करायची. शंभराव्यापासून उलटं, एकेक, दर रविवारी दुपारी पडदे ओढून. नियम एकच, पण कडक. कुणीही एकट्याने आधी बघायचं नाही. पहिल्यांदा बघणं म्हणजे दोघांनी मिळून बघणं. दुसऱ्यांच्या घरी काय काय शपथा असतात कोण जाणे, आमच्या घरी ही होती. आम्ही भेटलोच मुळी तिकिटाच्या रांगेत, आणि पहिलं भांडण झालं ते शेवट सांगून टाकण्यावरून. शेवट मी सांगितला होता.

तर, ह्याने सिनेमा आधी पाहिला होता. त्याचं मला एवढं काही वाटलं नसतं. दोन दिवस आदळआपट केली असती आणि विसरले असते. प्रश्न वेगळाच होता. आधी पाहिला तो कुणाबरोबर?

माझं कामच संशय घेण्याचं आहे. तीन मजली कापडाच्या दुकानात मागच्या खोलीत बसून मी कॅमेऱ्यांचे पडदे बघते. कोण काय पिशवीत सारतंय, कोण ट्रायल रूममध्ये दोन घेऊन जातंय आणि एक घेऊन येतंय. दुकानातली पोरं मला घार म्हणतात. मला ठाऊक नाही असं त्यांना वाटतं. ह्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. वस्तूकडे बघायचं नाही, माणसाकडे बघायचं. ज्याच्या पोटात पाप असतं त्याची मान सरळ राहत नाही.

आणि ह्याची मान सरळ नव्हती! ते तर मी कधीपासून बघत होते. सिनेमा चालू असताना हा तोंड खिडकीकडे करून बसायचा आणि पडद्याकडे तिरकं बघायचा. माझ्याशी बोलतानाही माझ्या कानाकडे बघून बोलायचा. पूर्वी असा नव्हता. माझ्या डोळ्यांत बघून भांडणारा माणूस होता.

मग मी घरात माग काढायला लागले. सोमवारी टीव्हीची काच पुसायची आणि पुढच्या शनिवारी बघायची. काचेवर खालच्या बाजूला तेलकट डाग. नाकाचा असेल, गालाचा असेल. काचेला नाक कोण लावतं? खुर्ची सरकवल्याच्या खुणा सतरंजीवर, त्याही अगदी टीव्हीला खेटून. आमचा सोफा चांगला ऐसपैस आहे. तो सोडून खुर्ची पुढे कशाला? सोफ्यावर दुसरं कुणीतरी पाय पसरून बसलं असेल म्हणून?

समोरच्या दारातल्या वहिनींनी त्यात भर घातली. जिन्यात भेटल्या, हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली, म्हणजे बातमी मोठी होती.

"तुमचे हे दुपारचे घरी असतात का गं हल्ली?"

"का हो वहिनी?"

"नाही, टीव्हीचा आवाज येतो. लागतो, थांबतो. लागतो, थांबतो. एकच बाई तेच तेच बोलते, चार-चारदा. म्हटलं, बिघडलाय की काय टीव्ही."

टीव्ही ठणठणीत होता. दुकान मात्र दुपारी बंद असायचं. तेही मी बघून आले. हा किल्ल्या बनवतो. बाजाराच्या तोंडाशी खोक्याएवढं दुकान, दाराएवढं त्याचं शटर, आणि त्यावर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी. जेवणाची सुट्टी! डबा मी भरून देते, तो दुकानात बसून खायचा असतो.

सिनेमा मधे मधे थांबतो कधी? दोघं बघत असतील तेव्हा. एकाला चहा हवा असतो, एकाला काही विचारायचं असतं, एकाला एखादी जागा पुन्हा बघायची असते. आम्हीही थांबवायचो की. 'थांब थांब, मागे घे, तिचा चेहरा बघ,' हे वाक्य ह्याचं. ते आता हा दुसऱ्या कुणाला म्हणतोय, असं मनात आलं आणि कॅमेऱ्यांच्या खोलीत बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांना धार लागली. एक बाई माझ्या समोरच्या पडद्यावर दोन ओढण्या पिशवीत घालून निघून गेली, तरी मी हलले नाही.

कुणी म्हणेल, एका दुपारी घरी जाऊन थडकायचं होतं. जाता आलं असतं. दोनदा मी जिन्यापर्यंत गेलेही, आणि परत फिरले. दारात दोन जोड चपला दिसल्या असत्या तर मी काय केलं असतं? एवढ्या वर्षांत मी शेकडो चोर पकडले, पण त्यांतला एकही माझा नव्हता.

म्हणून मी सापळा लावला. क्रमामुळे पुढचा सिनेमा कुठला ते ह्याला ठाऊक असायचं; क्रम मोडला की तो आधी बघून ठेवलेला नसणार. त्या रविवारी ह्याने पडदे ओढले, सोफ्यावर ऐसपैस बसला, आणि मी हार्ड डिस्क लावून म्हटलं, "आज यादीतला दहावा बघू या."

"दहावा? अजून चाळिशीतच आहोत आपण."

"मग काय झालं? रोज तेच तेच. आज माझी लहर."

"क्रम मोडायचा नाही असं ठरलंय," हा म्हणाला. आवाज चढला होता. हा माणूस कधी आवाज चढवत नाही. किल्ली तुटली तरी गिऱ्हाइकालाच चहा पाजतो. "नियम म्हणजे नियम. उद्या तू म्हणशील पहिला बघू."

"नियमांचं तू मला सांगू नकोस," मी म्हटलं आणि लावला.

दहावा सिनेमा होता तीन भावांचा. आई मेलेली आहे आणि तिला तिच्या माहेरच्या गावी पुरायचं म्हणून हे तिघे तिला गाडीवर घालून बर्फातून नेतात. वाटेत भांडतात, रडतात, मधेच एखादा खुळ्यासारखा विनोद करतात. सिनेमा मी धड पाहिलाच नाही. मी ह्याला बघत होते, कामावर बघते तशी, मान न वळवता, नुसत्या डोळ्यांच्या कडेने.

मला वाटलं होतं, आज हा बरोबर वेळेवर हसेल. म्हणजे आधीचं सगळं पाहिलेलं होतं हे शाबीत होईल, आणि मग मी विचारीन, कोण आहे ती. पण हा वेळेवर हसलाच नाही. थोरल्याने गाडीच्या चाकाला उद्देशून भाषण ठोकलं, ते वाचून मला हसू फुटलं, आणि माझ्यामागून हा हसला. एक श्वास मागे. पुढच्या विनोदाला मी हसू गिळलं. हाही गप्प. मी 'अरेरे' म्हटलं, ह्याने सुस्कारा सोडला.

दर वेळी माझ्यानंतर. हा सिनेमा बघतच नव्हता. हा मला ऐकत होता.

आता मी जे केलं ते सांगते. शेवटाकडे ते गाव येतं. खड्डा खणलेला असतो. धाकटा भाऊ आईच्या पेटीवर हात ठेवून काहीतरी म्हणतो, आणि खाली ओळ येते : 'आई, थंडी वाजली तर हाक मार.' ही रडायची जागा होती. आणि तरी मी हसले. मोठ्याने, खळखळून, जसं विनोदाला हसावं तसं.

हाही हसला. मांडीवर थाप मारून हसला.

मी सिनेमा थांबवला. धाकटा तिथेच पेटीवर हात ठेवून राहिला, खाली ती ओळ तशीच.

"वाच," मी म्हटलं.

"काय?"

"खाली लिहिलंय ते. वाच मला."

ह्याने तोंड खिडकीकडे वळवलं आणि तिरकं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हळूच म्हणाला, "खाली पांढरं काहीतरी आहे."

दुसरी बाई असती तर मी भांडले असते, केस उपटले असते, काहीही केलं असतं. ह्याच्यावर काय करायचं ते मला येत नव्हतं.

मग ते सगळं बाहेर आलं. नजरेच्या मधोमध डाग पडला होता, दोन्ही डोळ्यांत. कडेचं दिसतं, मधलं नाही. म्हणून तिरकं. डॉक्टर म्हणाले होते, कडा राहतील, मधलं परत यायचं नाही. दुपारी दुकान बंद करून हा घरी यायचा, खुर्ची टीव्हीला भिडवायचा, काचेला नाक लावून एकेक ओळ थांबवून, डोळा फिरवून फिरवून, एकेक अक्षर गोळा करायचा. सगळा सिनेमा आठवडाभर पाठ करायचा आणि रविवारी माझ्याशेजारी बसून पहिल्यांदा बघितल्यासारखा बघायचा. शवपेट्यांच्या सिनेमात म्हाताऱ्याने तोंड उघडलेलं कडेने दिसलं, ओळ आलीच असेल असं वाटलं, आणि हा हसून मोकळा झाला होता.

"आणि किल्ल्या?" मी ओरडले. "किल्ल्या कशा करतोस?"

"किल्ली बोटांना दिसते."

"मला का नाही सांगितलंस? मी कोण आहे तुझी? वहिनी आहे का समोरच्या दारातली?"

"तू यादी बंद केली असतीस."

केली असती. त्याच दिवशी केली असती, कपाटाच्या दारावरून खरवडून काढली असती आणि ह्याला दहा डॉक्टरांकडे ओढत नेलं असतं. ह्याने मला बरोबर ओळखलं होतं. मला रडू आलं, राग आला, आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्याखाली कुठेतरी हायसंही वाटलं की दुसरी कुणी नव्हती. त्या हायसं वाटण्याची मला इतकी लाज वाटली की मी उठून पाणी प्यायला गेले.

परत आले तर हा तसाच बसलेला, डोकं थोडं वाकडं करून.

"एक विचारू?" हा म्हणाला. "मघाशी एवढं हसण्यासारखं काय होतं? मला तर ते व्हायोलिन ऐकून वाटलं, आता रडवणार. पण तू हसलीस. म्हटलं, मग माझ्याच कानांची काहीतरी चूक."

खोटं बोलता आलं असतं. एखादा विनोद रचून सांगितला असता तर ह्याला कुठे वाचता येत होतं? तोंडापर्यंत आलाही होता.

"काही नव्हतं हसण्यासारखं," मी म्हटलं. "ते आईला पुरत होते. मी मुद्दाम हसले. तू हसतोस का ते बघायला."

ह्याचा हात मांडीवर होता, मघाशी जिथे थाप मारली होती तिथेच. तो ह्याने उचलून बाजूला ठेवला.

"वाचून दाखव," हा म्हणाला. "पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून लावला आणि एकेक ओळ वाचायला लागले. मला मोठ्याने वाचता येत नाही चांगलं. पात्रांचे आवाज सगळे माझ्यासारखेच येतात, चिडके. थोरला भाऊ चाकाशी बोलायला लागला. ती ओळ मी नीट, सावकाश वाचली, आणि दुसऱ्यांदा वाचूनही मला हसू आवरलं नाही.

हा हसला नाही. माझ्याकडे कान करून थांबला.

"खरंच हसलीस?"

"खरंच."

"शपथ?"

"अरे शपथ. विनोद आहे तो. चाकाला म्हणतोय, तू तरी आईचं ऐक."

मग हा हसला, जेवढं हसायला हवं होतं त्याच्या अर्धंच. पुढच्या ओळीला मी पुन्हा हसले. ह्याने पुन्हा विचारलं.