निपचित यंदा उठणार

त्या नाटक कंपनीत मरणारे नट बरेच होते, पण मेलेला माणूस म्हणून पगार घेणारा एकच. रणांगणातून उचलून आणलेला राजपुत्र, नदीत सापडलेला भाऊ, पहिला अंक सुरू होण्याआधीच गेलेला बाप, सगळे तोच. कंपनीचे थोरले नट, ज्यांना सगळे महाराज म्हणत, त्यांना मेल्यावर हटकून खोकला यायचा. म्हणून विष पिऊन त्यांचं भाषण संपलं की क्षणभर अंधार व्हायचा, आणि पुढचा वेळ महाराजांच्या झग्यात हाच पडून राहायचा. अशी एकोणीस वर्षं झाली. त्याचं खरं नाव हजेरीपटावर असेल तेवढंच. बाकी सगळे त्याला निपचित म्हणत आणि तोही निमूटपणे ओ देई.

हे काम सोपं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा नाकावर माशी घेऊन अकरा मिनिटं पडून दाखवावं. श्वास घ्यायचा तो पडद्याकडच्या बाजूने, चोरून. शिंक आली तर ती पुढच्या अंकावर ढकलायची. बुडालेल्याचा जबडा सैल, विष घेतलेल्याची बोटं वळलेली, आणि तलवारीने गेलेल्याचा एक पाय आत. निपचितला यातलं सगळं यायचं, आणि त्याबद्दल त्याला मनातून चांगलाच अभिमान होता.

म्हणूनच नव्या दिग्दर्शिकाबाईंनी येत्या हंगामाची यादी फळ्यावर लावली तेव्हा त्याने ती तीन-तीनदा वाचली. पाच नाटकं, पाचही जुनी नावाजलेली, आणि पाचही विनोदी. बाईंचं म्हणणं, लोक गेली कित्येक वर्षं रडताहेत, आता जरा हसू द्या. महाराजांनी नाक मुरडलं, पण त्यांना निदान कामं तरी होती. निपचितने पाचही संहिता घरी नेल्या आणि कुणी मरतंय का, हे आशेने वाचत बसला. लग्नं जमत होती, जुळे भाऊ सापडत होते, मरायला कुणी तयार नव्हतं.

चौथ्या नाटकात मात्र एक सासरेबुवा मिळाले. तीन जावयांची परीक्षा घ्यायला ते मेल्याचं सोंग घेतात. जावई गळे काढतात, मग हळूच घरातल्या वस्तूंवर डोळा ठेवतात. थोरला जावई त्यांच्या बोटातली अंगठी ओढतो, तेव्हा सासरेबुवा ताडकन उठून बसतात आणि म्हणतात, "अंगठी राहू द्या, जावईबापू." निपचित धावतच बाईंकडे गेला.

"पण यात शेवटी उठायचंय," बाई म्हणाल्या.

"उठेन की. रोज सकाळी उठतोच."

काम मिळालं. आणि खरं सांगायचं तर कामापेक्षाही त्याला घरी जाऊन ते आईला सांगायची घाई झाली होती. आईने त्याचं एकच नाटक पाहिलं होतं, अगदी पहिलं. चार सैनिकांनी लेकाला खांद्यावरून आणलेलं पाहिलं आणि ती माउली तडक घरी निघून गेली. पुढे दोन दिवस तो तिच्यासमोर बसून चांगला पोटभर जेवला, तरी तिचा विश्वास बसेना. तुला जन्म दिला तो हे बघायला नाही, असं म्हणाली, आणि पुन्हा त्या थिएटरची पायरी चढली नाही. तोही कधी आग्रह करू शकला नाही, आणि ते त्याला फार लागलं होतं.

"आई, यंदा मी उठतो," तो म्हणाला.

आईने हातातलं विणकाम खाली ठेवलं. "नक्की?"

"नक्की."

मग तिने तिसऱ्या रांगेचं तिकीट काढायला सांगितलं.

तालमीत घोळ झाला. महाराज थोरले जावई होते. त्यांनी अंगठी ओढली, निपचित पडून राहिला. पुन्हा ओढली, तरी पडून राहिला. त्याच्या डोक्याला सगळं कळत होतं, पण एकोणीस वर्षांचं वळण अंगात मुरलेलं. रंगमंचावर पाठ टेकली की ते अंग कुणाचं ऐकत नसे. बाईंनी टाचणी टोचून पाहिली. गजराचं घड्याळ त्याच्या उशीखाली ठेवलं. ते वाजलं तेव्हा तिन्ही जावई दचकले, सासरा ढिम्म. महाराजांनी गुदगुल्या केल्या. शेवटच्या तालमीत तो एकदाचा उठला, पण पडदा पडल्यावर. बाईंनी हात टेकले. पहिल्या प्रयोगाला उठला नाही तर काम तिकीटविक्याला देईन, असं त्यांनी बजावलं. तिकीटविक्याला अभिनय येत नव्हता, पण तो उठायचा.

पहिला प्रयोग दुपारी तीनचा. आई नेसून-सवरून, चहाचा थर्मास घेऊन तिसऱ्या रांगेत बसली होती. पडदा उघडला आणि पलंगावर पडलेला लेक पाहून तिने थर्मास छातीशी घट्ट धरला. जावयांनी गळे काढले, लोक हसले. आई हसली नाही.

महाराजांनी अंगठी ओढली.

निपचित आतून स्वतःला विनवत होता. आई आली आहे, ऊठ, आज तरी ऊठ. बोट हलेना. महाराजांनी घाम पुसला, वाक्य पुन्हा म्हटलं, अंगठी अशी खेचली की पलंगच थोडा सरकला. धाकट्या जावयाने मनाचंच काहीतरी घालून पुन्हा रडायला सुरुवात केली. मग तेही संपलं. सभागृहात चिडीचूप झालं, आणि पडद्याआड बाईंनी तिकीटविक्याच्या नावाची चिठ्ठी लिहायला घेतली.

तेव्हा तिसऱ्या रांगेत आई उभी राहिली. आवाज चढवला नाही, रागावली नाही. त्याच्या शाळेची दहा वर्षं रोज सकाळी जशी हाक मारायची तशीच मारली.

"ऊठ रे बाळ. शाळेला उशीर होतोय."

आणि सत्तेचाळीस वर्षांचा तो मेलेला सासरा कुशीवर वळला, पांघरूण डोक्यावर ओढलं आणि म्हणाला, "पाच मिनिटं, आई."

सभागृह फुटलं. महाराजांना इतकं हसू आलं की त्यांचा जुना खोकला उसळला, आणि त्या खोकल्याच्या गदारोळात निपचित ताडकन उठून बसला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने समोर पाहिलं. आई उभीच होती. अंगठीचं वाक्य त्याने तिच्याकडे बघतच म्हटलं.

बाईंनी चिठ्ठी फाडली आणि दुसऱ्या दिवसापासून आईलाच नाटकात घातलं. बत्तीस प्रयोग झाले आणि बत्तीसही वेळा ती तिसऱ्या रांगेतून उठली. त्याला एकट्याला उठायला काही शेवटपर्यंत जमलं नाही.

हंगाम संपला. पुढच्या वर्षीची यादी फळ्यावर लागली. महाराजांनी हट्टाने त्यात तीन शोकांतिका घुसवल्या होत्या. निपचितला तिन्हींत काम होतं. घरी कसं सांगावं या विचारात तो दोन दिवस आई झोपल्यावरच घरी गेला. पण बातमी आईपर्यंत पोचलीच. ती थर्मास घेऊन सरळ बाईंच्या खोलीत गेली. बाईंना वाटलं, आता भांडण होणार.

"त्याला मारायचं तर खुशाल मारा," आई म्हणाली. "फक्त मला तिसरी रांग द्या. पडदा पडला की मी उठवीन."