हद्दीबाहेरची ओवाळणी

या मंडळी, सतरंजीवर असे जवळ सरका. टाळ घटकाभर खाली ठेवा. आपल्या भजनी मंडळातल्या भागुबाईंची गोष्ट ऐका.

भागुबाई नांदायला नाशकात, माहेर हरसूलचं. गल्लीमागं टायर जाळून तेल काढायची, वाकड्या धुरांड्याची भट्टी. तुळशीच्या पानावर बोट फिरवलं तरी काळं व्हायचं. अशात शेखर आला. शहर हवा तापवणारे वायू किती सोडतं, ते घटले किती, याची मोजदाद ठेवणाऱ्या समितीतला. त्यांचा फलक चौकात, दर तिमाहीला नवा आकडा.

"ताई, तुमच्या शब्दाला मान आहे. बायकांना समजवा."

भागुबाईंनी आधी स्वतःचा लाकडाचा बंब विझवला, मग दारोदार फिरल्या.

"गार पाण्यानं पुण्य मिळतं का गं?" सुमनबाईंनी टोमणा मारला.

"मिळतं ना! वर शिंका फुकट."

गल्लीतले बंब विझले. त्या भाऊबीजेला सख्खा भाऊ पुंजा भातकापणीमुळं आला नाही. रिकाम्या पाटावर भागुबाईंनी शेखरला बसवून ओवाळलं. पुंजाच्या शेतातला तांदूळ त्याला वाढला. त्यानं पाकीट पुढं केलं.

"पैसे नकोत रे. ती भट्टी हलव, तीच माझी ओवाळणी."

"हलवली समजा, ताई."

थंडीत भट्टी खरंच गेली. फलकावरचा आकडा उतरला, समितीनं भागुबाईंना शाल दिली. त्या रात्री अभंग म्हणताना त्यांचा आवाज कसा लागला होता, आठवतंय ना?

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणाला, त्या माहेरी गेल्या. पुंजाच्या बांधाला लागून तेच वाकडं धुरांडं! दारचा आंबा काळवंडलेला, पुंजाला खोकल्यानं बोलवेना.

"पुंजा, याला जागा कोणी दिली?"

"कोनी म्हंजे? तुझा मानलेला भाऊ आलता. म्हनला, बहिणीनंच सांगितलंय, सही करा. तुझं नाव घेतल्यावर मी काय इचारू, बाई?"

"मी नाही रे सांगितलं!"

पुंजा पाठ फिरवून घरात गेला.

दुसऱ्या दिवशी त्या नाशकात परतून समितीच्या कचेरीत शेखरसमोर उभ्या राहिल्या.

"ताई, हरसूल शहराच्या हद्दीबाहेर. तिथला धूर आपल्या मोजणीत येत नाही."

"आणि माझं नाव? ते कुठल्या हद्दीत येतं?"

शेखर मोबाइल चाळत राहिला. "मागणं तुमचंच होतं ना?"

"पुंजाच्या पाटावर बसवलं होतं तुला. त्याचाच भात जेवलास," म्हणत त्यांनी शाल टेबलावर ठेवली आणि निघाल्या.

त्यानंतर पुंजाचा फोन आला नाही. भागुबाई करतात, तो उचलत नाही. भजनात येतात, पण पहिल्याच चरणाला टाळ खाली ठेवतात.

तेव्हा मंडळी, एवढं करा. चौकातला आकडा पुन्हा उतरला आणि कोणी पेढा हातावर ठेवला, तर तो तोंडात टाकण्याआधी हरसूलच्या पुंजाला आठवा.