आप्पांची गोणी

आमचे आप्पा, जोतीराम, तुर्भ्याच्या बाजारात माथाडी. तीन वर्षांपूर्वी पगाराच्या दिवशी ट्रक टर्मिनलजवळ चोरांनी त्यांच्या डोक्यात लोखंडी सळई घातली. चोर सापडले नाहीत. आप्पा वाचले, असं डॉक्टर म्हणाले. पण घरी आलं ते आप्पांचे कपडे घातलेलं दुसरंच कुणीतरी. माझं नाव विसरलेले, आईकडे पाहुणीकडे बघावं तसे बघणारे. एकच वाक्य त्यांच्यात उरलं होतं. झुंजूमुंजू झालं की, मालाचा ट्रक गाळ्याला लागला असेल म्हणून, दारात उभे राहून विचारायचे, "गाडी लागली का?"

दार लावलं तर कडीशी झटायचे, बोटं रक्ताळायची. शेवटी आप्पांच्या माथाडी टोळीचा मुकादम रणजीतकाका आईला म्हणाला, "वहिनी, पाठवा त्यास्नी. आमी हाय न्हवं."

टोळीनं आंब्याच्या पेट्यांतला पेंढा एका गोणीत भरला आणि तोंड शिवून टाकलं. आप्पा ती पाठीवर घेऊन, वजनाखाली वाकत, गाळ्याच्या या टोकाकडून त्या टोकाला न्यायचे. त्यांची पाठ वळली की कुणीतरी ती गुपचूप जागेवर आणून ठेवायचं. दिवसभर हेच. पेंढ्याच्या ओझ्यानं त्यांना खराखुरा घाम यायचा. ते बघून माझ्या अंगावर काटा यायचा. आई म्हणायची, "तेवढं तरी हाय."

पण त्या मारानंतर येणाऱ्या फिटच्या गोळ्या फुकट मिळत नाहीत, आणि त्यांच्या मागे राहून आईची धुण्याभांड्याची कामं सुटली होती. गुन्ह्यात जखमी झालेल्याला सरकार भरपाई देतं, असं कळलं तेव्हा मी आप्पांच्या नावानं अर्ज केला. चौकशीला आलेल्या शहाण्यानं बाजारात लांबूनच पाहिलं आणि लिहून टाकलं: अर्जदार नियमित हमाली करतो, सबब भरपाई नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार पावलं पुढे येऊन गोणीला बोट लावायला याचं काय जात होतं? मी अपील केलं.

सुनावणीला रणजीतकाका गोणीच घेऊन आला. ती दिसताच आप्पा माझ्या शेजारून उठले. "गाडी लागली का?"

"उचलू द्या त्यांना," सुनावणी घेणारे साहेब म्हणाले.

आप्पा वाकले, कण्हले, गोणी पाठीवर घेऊन भिंतीपर्यंत गेले आणि हाशहुश करत खाली ठेवली. साहेबांनी वजन विचारलं. मी म्हणाले, "साहेब, तुम्हीच बघा."

साहेब भला माणूस होता, ते कबूल करायला हवं. उठून आले, गोणीचा कान धरला आणि एका हातानं ती टेबलावर ठेवली.

आप्पा आधी त्या हाताकडे बघत राहिले. मग गोणीकडे. मग माझ्याकडे, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला ओळखलं.

"सुनू," ते म्हणाले, "रिकामी व्हती व्हय?"

अपील मंजूर झालं. पैसे आले, गोळ्यांची चिंता मिटली. पण आप्पा बाजारात गेले नाहीत ते नाहीतच. कडीला हात लावत नव्हते, गाडीचं विचारत नव्हते. जो प्रश्न थांबावा म्हणून मी देवाला हात जोडले होते, तोच ऐकू येईल म्हणून मी पहाटे कान देऊन पडून राहायचे. घर खायला उठलं होतं.

शेवटी रणजीतकाका गोणी घेऊन दारात आला. "जोतीनाना, चला. गाडी लागलीया."

आप्पांनी गोणीचा कान धरला, साहेबांनी धरला होता तसाच. एका हातानं उचलली आणि काकाकडे परत दिली.

"भरून आण," ते म्हणाले.

भरलेली गोणी त्यांच्यानं आता उचलवायची नाही, हे टोळीला ठाऊक आहे, आम्हालाही. आप्पा मात्र रोज झुंजूमुंजू झालं की उंबऱ्यात येतात आणि पाठ वाकवून उभे राहतात. त्या पाठीवर कुणी काही ठेवत नाही.